चौसष्टाव्या घरापर्यंतचे दाणे: शेवटी पाच शून्यं की ६१५?

परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गणिताच्या मॅडमचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "आठवीच्या वर्गाला बुद्धिबळाच्या पटावरचं ज्वारीच्या दाण्यांचं गणित घातलं. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची. शाळेच्या कॉम्प्युटरवर स्प्रेडशीटमध्ये सगळ्यांची बेरीज १८४४६७४४०७३७०९६००००० आली. एका मुलीनं मात्र वहीत हातानं दुप्पट करत करत १८४४६७४४०७३७०९५५१६१५ काढली. वर्गात दोन तट पडले. परत चौसष्ट वेळा दुप्पट न करता कोण बरोबर ते कसं दाखवायचं? आणि एवढ्या मोठ्या संख्येला कशाकशानं भाग जातो, ती मूळ संख्या आहे का, हे लेकरांना समजेल असं सांगाल का?"

मॅडम, त्या मुलीचं उत्तर अंक न् अंक बरोबर आहे. हे आधी सांगतो, कारण सगळा वर्ग कॉम्प्युटरच्या बाजूनं असताना एकटीनं आपल्या वहीवर ठाम राहणं सोपं नसतं. उद्या शाळा भरल्या भरल्या तिला हे कळू द्या.

कॉम्प्युटरचं झालं ते असं. स्प्रेडशीट कुठल्याही संख्येचे डावीकडून १५ अंक दाखवते (पंधरावा जवळच्या अंकाला पूर्ण करून, म्हणून ५ चा ६ झाला) आणि पुढच्या जागा शून्यांनी भरून टाकते. आपली संख्या २० अंकी. म्हणजे शेवटची पाच शून्यं संख्येची नाहीतच, त्या बुजवलेल्या जागा आहेत. मोंढ्यात १,४१७ क्विंटलच्या मालाला बोलताना कुणी "चौदाशे" म्हणतं, तसं हे. व्यवहाराला ते चालतं, पण ही संख्या सम की विषम, तिला तीननं भाग जातो की नाही, हे विचारायचं असेल तर शेवटचा एकेक दाणा लागतो. वर्गात एक करून दाखवा: स्प्रेडशीटमधल्या उत्तरात एक मिळवा, मग एक वजा करा. पडद्यावर काहीच हलणार नाही. ज्या उत्तराला एका दाण्याचा फरक कळत नाही, त्याच्यावर विभाज्यतेच्या कसोट्या लावता येत नाहीत.

आता बेरीज. चौसष्ट घरांची बेरीज करायला चौसष्ट संख्या एकाखाली एक मांडायची गरज नाही. मी तीस वर्षं अंबाजोगाईत शिकवलं, आणि दर वर्षी हे गणित खरे दाणे घेऊन करायचो, पहिल्या सहासात घरांपुरतं. एक दाणा बाहेरून उसना घ्यायचा. तो पहिल्या घरातल्या एका दाण्याजवळ ठेवला की दोन झाले, म्हणजे दुसऱ्या घराइतके. ते दुसऱ्या घरातल्या दोनात ढकलले की चार, म्हणजे तिसऱ्या घराइतके. ते तिसऱ्यात ढकलले की आठ. असा ढीग पुढं पुढं सरकत जातो आणि शेवटच्या घरात ढकलला की होतात २ चा ६४ वा घात इतके दाणे. उसना दाणा परत करा. उरले २ चा ६४ वा घात वजा १. दाणे हातानं ढकलल्यावर लेकरांना सूत्र पाठ करावं लागत नाही.

आणि हा घातही चौसष्ट गुणाकारांनी काढायचा नसतो. वर्ग करत जायचं: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, १८४४६७४४०७३७०९५५१६१६. सहा वर्ग, बस. अल् बिरुनी या मध्य आशियातल्या विद्वानानं हजार वर्षांपूर्वी पटावरची ही बेरीज अशीच वर्गांच्या वाटेनं काढली होती. आणि आपल्या भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) याच कामाचा नियम दिलाय: पदांची संख्या विषम असेल तर एक वजा करून 'गुण' (म्हणजे इथं दोननं गुणा) लिहा, सम असेल तर निम्मी करून 'वर्ग' लिहा, शून्यापर्यंत जा आणि मग शेवटाकडून उलटं येत ते ते करत जा. आज कॉम्प्युटर मोठे घात काढतो तो याच रीतीनं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख पाटणला आहे. आपल्याकडून जायचं तर कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, आणि तिथून जवळच पाटण. सहल काढायची असेल तर या वर्गाला तिकडं न्या.

लीलावतीतलं उदाहरणही आपल्या गणिताचं भावंडच आहे. एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत जातो, तर महिन्यात किती निष्क झाले? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ कवड्या. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क, एवढं सांगितलं की आठवीची मुलं हा भागाकार स्वतः करतील. या संख्येकडं मी पुढं परत येणार आहे, तेव्हा ती फळ्यावर एका कोपऱ्यात राहू द्या.

आता मुलीचं उत्तर तपासायचं कसं. शेवटचा अंक सगळ्यात सोपा. दोनच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. ६४ ला चारनं भाग जातो, म्हणजे शेवटी ६, आणि एक वजा केला की ५. शून्य येऊच शकत नाही. शेवटचे तीन अंकही काढता येतात: २ चा दहावा घात १०२४, शेवटी ०२४. त्याचा वर्ग केला की विसाव्या घाताच्या शेवटी ५७६. त्याचा वर्ग ३३१७७६, म्हणजे चाळिसाव्या घाताच्या शेवटी ७७६. ७७६ गुणिले ५७६ बरोबर ४४६९७६, म्हणून साठाव्याच्या शेवटी ९७६. त्याला १६ नं गुणलं की १५६१६. म्हणजे चौसष्टाव्या घाताच्या शेवटी ६१६, आणि आपल्या बेरजेच्या शेवटी ६१५.

पण शेवटचे तीन अंक जुळले म्हणजे मधले जुळले असं नाही. दुप्पट करताना हातचा राहतो तो मधेच कुठंतरी. मधल्या अंकांसाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती १००१ ची कसोटी. संख्येचे उजवीकडून तीनतीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीनं अधिक, वजा करायचं. मुलीच्या संख्येचे गट: ६१५, ५५१, ७०९, ०७३, ७४४, ४४६, १८. अधिकाचे ६१५ + ७०९ + ७४४ + १८ = २०८६. वजाचे ५५१ + ७३ + ४४६ = १०७०. फरक १०१६. त्यातून १००१ काढले, बाकी १५.

आता तीच बाकी दुसऱ्या वाटेनं, मुलीची वही न बघता काढू. १०२४ ला १००१ नं भागलं की बाकी २३. हा दहावा घात. २३ चा वर्ग ५२९, हा विसावा. ५२९ चा वर्ग २,७९,८४१, त्याला १००१ नं भागलं की बाकी ५६२, हा चाळिसावा. ५६२ गुणिले ५२९ बरोबर २,९७,२९८, आणि २९७ गुणिले १००१ बरोबर २,९७,२९७. बाकी १! म्हणजे साठाव्या घाताची बाकी १, चौसष्टाव्याची १६, आणि एक वजा केला की १५. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या. ही १ येते तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती मी बऱ्याचदा अनुभवलीय. हे तुम्ही न सांगता मुलांकडून करून घ्या.

ही कसोटी मला नवाच्या कसोटीपेक्षा जास्त का आवडते तेही सांगतो. नवाच्या कसोटीत अंकांची बेरीज होते, तिथं ० च्या जागी ९ पडला तर कळत नाही. १००१ च्या कसोटीतून एका अंकाची चूक कधीच निसटत नाही. शिवाय १००१ म्हणजे ७ × ११ × १३, त्यामुळं एका दगडात तीन पक्षी: १५ ला सातनं भागलं की बाकी १, अकरानं ४, तेरानं २. म्हणजे आपल्या संख्येला ७, ११, १३ यांपैकी कशानंही भाग जात नाही, हे इथंच कळलं. स्प्रेडशीटच्या संख्येवर हीच कसोटी लावा, ३५२ येतात. १५ हवे होते.

नवाची कसोटीही करून टाका, वेळ लागत नाही. अंकांची बेरीज ८७, तिची बेरीज १५, तिची ६. तीननं भाग जातो, नऊनं नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी 'हर्षद संख्या' सांगितली, म्हणजे जिला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो ती. आपली संख्या हर्षद नाही. ८७ म्हणजे ३ × २९, आणि २९ हा तिचा अवयव नाही.

इथून खरी गंमत सुरू होते: तिचे अवयव. वीस अंकी संख्या समोर आली की माणूस भागायला लागतो; तीननं भाग, पाचनं भाग, सातनं बघ. वर्गमूळच ४०० कोटींच्या पुढं आहे, असं भागत बसलं तर जन्म पुरणार नाही. ही संख्या कशी बनली ते बघायचं. ती आहे वर्ग वजा एक, आणि वर्ग वजा एकचं सूत्र मुलांना आठवीतच येतं: (अ − १)(अ + १). चौसष्टावा घात वजा एक म्हणजे (बत्तिसावा − १) गुणिले (बत्तिसावा + १). त्यातला पहिला कंस परत तसाच फुटतो: (सोळावा − १)(सोळावा + १). मग आठवा, चौथा, दुसरा, पहिला. दाण्यांचा पट प्रत्येक वेळी निम्मा होत जातो आणि दरवेळी एक 'अधिक एक' मागं सोडतो. शेवटी उरतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

सहा अवयव, एकही भागाकार न करता. हे 'अधिक एक'वाले म्हणजे फर्माच्या संख्या. सतराव्या शतकातला हा फ्रेंच न्यायाधीश फावल्या वेळात गणित करायचा, आणि त्याला १६४० च्या सुमारास वाटलं की या सगळ्या मूळ संख्याच असणार. पहिल्या पाच आहेतच: ३, ५, १७, २५७, ६५५३७. सहावी, ४२९४९६७२९७, जवळजवळ शंभर वर्षं तशीच राहिली. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितीनं दाखवलं की तिला ६४१ नं भाग जातो.

६४१ च का? ऑयलरचं मोठेपण इथं आहे. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव '६४ च्या पटीत एक अधिक' अशाच रूपाचा असला पाहिजे, हे त्यानं सिद्ध केलं. अशा मूळ संख्या घेत जा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या दारातच घबाड. पुढं ल्युकास या फ्रेंच गणितीनं हा नियम आणखी कसला, ६४ च्या जागी १२८ आणले. मग यादी होते २५७, ६४१. दुसऱ्याच दारात.

हा भागाकार वर्गात नक्की करा, कारण त्यात एक जागा आहे जिथं हमखास चूक होते. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, ३८४६ गेले, उरले ४४८. वरून ९ घेतला, ४४८९, सात वेळा ४४८७, उरले २. वरून ६ घेतला, २६, भाग जात नाही, वर शून्य. वरून ७, झाले २६७, परत भाग जात नाही, परत शून्य. वरून २, झाले २६७२, चार वेळा २५६४, उरले १०८. वरून ९, १०८९, एक वेळा, उरले परत ४४८. शेवटचा ७ घेतला, ४४८७, बरोब्बर सात वेळा. उत्तर ६७००४१७. मधली दोन शून्यं सुटली की ६७४१७ येतं. माझ्या वर्गात एका मुलानं फळ्यावर तेच लिहिलं होतं, आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, दहा अंकांना तीन अंकांनी भागल्यावर पाचच अंक कसे उरतील?" भागाकार करण्याआधी उत्तर किती अंकी येणार हे मनाशी धरायची सवय त्या दिवसापासून मी सगळ्यांना लावली.

भागाकार न करताही ६४१ पकडता येतो, आणि ही सिद्धता दोन ओळींची आहे. ६४१ = ६४० + १, म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात, अधिक १. आणि ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्यातून, ६४१ नं भागताना ५ गुणिले २ चा सातवा घात हा −१ सारखा वागतो. त्याचा चौथा घात केला की ५ चा चौथा गुणिले २ चा अठ्ठाविसावा हा १ सारखा. दुसऱ्यातून ५ चा चौथा हा वजा २ चा चौथा असा वागतो. तो जागेवर घातला की वजा २ चा बत्तिसावा बरोबर १. म्हणजेच बत्तिसावा घात अधिक एक ही शून्यासारखी वागते. भाग गेला. आठवीला हे जड जाईल, पण तुमच्या त्या मुलीला दाखवून बघा.

राहिला ६७००४१७. त्याचं वर्गमूळ २,५८८ च्या जरा पुढं. ल्युकासच्या रूपातल्या मूळ संख्या तिथपर्यंत पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. भागून बघा, बाक्या येतात अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकानंही भाग जात नाही, म्हणजे ६७००४१७ ही मूळ संख्या. सात अंकी संख्या मूळ आहे हे पाच भागाकारांत, पाटीवर. नियम माहीत नसता तर चारशेच्या आसपास... नको, तो हिशेब मुलांना करू द्या: २,५८८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागावं लागलं असतं.

तर आता पूर्ण उत्तर: १८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात वेगवेगळे मूळ अवयव, एकही दोनदा नाही. विभाजक तयार करताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून २ चा सातवा घात, १२८ विभाजक. एक आणि ती स्वतः धरून. मूळ संख्या ती नक्कीच नाही.

हे अवयव पटावर कुठं उगवतात तेही बघण्यासारखं आहे. प्रत्येक घरापर्यंतची बेरीज लिहा: १, ३, ७, १५, ३१, ६३... तीननं भाग जाणारी बेरीज दर दुसऱ्या घराला येते, पाचनं दर चौथ्या, १७ नं दर आठव्या, २५७ नं दर सोळाव्या, ६५५३७ नं बत्तिसाव्या आणि चौसष्टाव्या. आणि ६४१ व ६७००४१७ हे दोघं त्रेसष्ट घरांत कुठंच दिसत नाहीत, शेवटच्या घरालाच पहिल्यांदा येतात. सातनं भाग जातो तो दर तिसऱ्या घराला: ३, ६, ९ करत ६३ ला. त्याच्या पुढच्याच घराला बेरीज दुप्पट अधिक एक होते, म्हणून ६४ ला बाकी १. वर १००१ च्या कसोटीत १५ ला सातनं भागल्यावर हीच १ आली होती.

मग पटावर मूळ संख्या कुठं येतात? घराचा क्रमांक संयुक्त असेल तर तिथली बेरीज मूळ असूच शकत नाही. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहून बघा, सहाव्या घराची बेरीज बरोब्बर सहा एक: १११ १११. ती १११ (म्हणजे ७) आणि १००१ (इथं द्विमान, म्हणजे ९) यांचा गुणाकार होणार हे डोळ्यांना दिसतं. क्रमांक मूळ असला म्हणून बेरीज मूळ असेलच असं मात्र नाही. अकराव्या घराला २०४७ येतात, म्हणजे २३ × ८९. चौसष्ट घरांत फक्त नऊ ठिकाणी बेरीज मूळ येते: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ आणि ६१. एकतिसाव्या घराची बेरीज २१४७४८३६४७, ती मूळ असल्याचं ऑयलरनं १७७२ मध्ये सिद्ध केलं. आता फळ्याच्या कोपऱ्यातली लीलावतीची संख्या बघा: २१४७४८३६४६. तीस दिवसांच्या कवड्यांमध्ये फक्त एक मिळवला की ऑयलरची मूळ संख्या! भास्कराचार्यांचा दाता दोनपासून सुरू करतो, आपला पट एकपासून, एवढाच तो फरक. या जातीच्या संख्यांचा शोध अजून चालू आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात सापडलेली आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या याच साच्यातली आहे, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, चार कोटींवर अंकांची.

आणखी एक गोष्ट, जी मला या संख्येबद्दल सगळ्यात सुंदर वाटते. मेरुप्रस्तार मुलांना माहीत असेल, नसेल तर शिकवा: वर १, खाली १ १, मग १ २ १, १ ३ ३ १, वरच्या दोघांची बेरीज खाली. दहाव्या शतकात हलायुधानं तो छंदशास्त्राच्या टीकेत सांगितलाय. आता विषम अंकाच्या जागी १ आणि सम अंकाच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा. १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... सगळ्या फर्माच्या संख्यांच्या गुणाकारातून आलेल्या. बत्तिसाव्या ओळीत बत्तीस एक, म्हणजे ४२९४९६७२९५. चौसष्टाव्या ओळीत चौसष्ट एक, म्हणजे आपलीच संख्या. पटावरचे सगळे दाणे मेरूच्या एका ओळीत येऊन बसतात. आणि ४२९४९६७२९५ चे, एक सोडून, जे ३१ विभाजक आहेत, बरोब्बर तेवढ्याच विषम बाजूंच्या सुसम बहुभुजाकृती कंपास-पट्टीनं काढता येतात असं आजवर माहीत आहे. त्यातली १७ बाजूंची काढता येते हे गाउस या जर्मन गणितीनं १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी दाखवलं. या विषम-समाच्या जागा भरून रांगोळी काढली तर त्रिकोणात त्रिकोण उमटत जातात. शाळेच्या अंगणात सोळा ओळींची सहज बसते.

दाण्यांचा अंदाज मुलांना हवाच असतो, तर तोही घ्या. मालदांडी ज्वारीचे हजार दाणे सोनाराच्या काट्यावर ३३ ग्रॅम धरले तर एका क्विंटलच्या पोत्यात साधारण ३० लाख दाणे. बाविसाव्या घरात पहिलं पोतं भरून वाहतं. अर्धा पट भरला की १,४१७ क्विंटल, तेवढी ज्वारी मोंढ्यात ट्रकांनी येते, अशक्य काही नाही. पूर्ण पट भरायचा तर सुमारे ६१ हजार कोटी टन. सगळ्या जगात वर्षाला ज्वारी पिकते सहा कोटी टनांच्या आसपास, म्हणजे दहा हजार वर्षांचं पीक. आपल्या जुन्या स्थानांच्या यादीत, एकं दहं शतं करत, शेवटचं स्थान परार्ध, एकावर सतरा शून्यं. ही संख्या १८४ परार्धांच्या पुढं जाते.

त्या मुलीच्या वहीबद्दल एक शेवटचं. तिनं घराघराची बेरीजही लिहिली असेल तर बत्तिसाव्या घराशी ४२९४९६७२९५ असेल. नसेल तर काढायला सांगा. त्याच्या खाली दोन अधिक करून ४२९४९६७२९७ लिहायला लावा, आणि या दोघांचा गुणाकार एका कोऱ्या पानावर, ओळी नीट सरळ धरून, हातानं करायला सांगा. दहा अंकी गुणिले दहा अंकी, अर्धा तास लागेल. खाली बेरीज झाली की ती स्वतःच वहीची पानं उलटून चौसष्टावं घर काढेल आणि अंक जुळवून बघेल.